वर जागा सोडावी लागते

धुळे-सोलापूर रस्त्याने जाताना मांजरसुंब्याला चहासाठी थांबायचं, ही माझी जुनी सवय. वैशाखातल्या एका दुपारी तिथल्या धाब्यासमोर गॅसचा टँकर उभा होता. चालक बाजेवर टेकला होता. मी सहज विचारलं, "टाकी गच्च भरलीय का?"

तो हसला. "गच्च कोण भरतंय चाचा? वर जागा सोडावीच लागते. उन्हात माल फुगतो."

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. घरी येऊन केमिकल इंजिनिअर असलेल्या भाच्याला विचारलं, "उन्हात त्या टाकीचं होतं तरी काय?" तो म्हणाला, "मामू, शाळेतला नियम इथं पुरत नाही."

शाळेतला नियम असा: बंद भांड्यातला वायू 20 अंशांवरून 40 अंश सेल्सिअसवर गेला, तर दाब वाढतो जेमतेम 7 टक्के. पण आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात, आणि टाकीत ते बहुतांशी द्रवरूपात असतात. नुसतं प्रोपेन घेतलं, तर तेवढ्याच उन्हानं दाब हवेच्या साधारण आठपटीवरून चौदापटीच्या जवळ जातो. कारण द्रवाची वाफ होत राहते. शाळेतल्या नियमाला द्रव ठाऊकच नाही. त्याच्या लेखी रेणूंना ना आकार, ना एकमेकांची ओढ.

ही उणीव 1873 साली हॉलंडच्या व्हॅन डर वाल्स यांनी भरून काढली. सुताराचा हा मुलगा शाळामास्तर होता. आपल्या प्रबंधात त्यानं रेणूंना जागा दिली आणि ओढही दिली. एवढ्या दोन दुरुस्त्यांनी साधं समीकरण घनसमीकरण झालं, म्हणजे त्यात आकारमानाचा तिसरा घात आला. 1910 साली त्यांना नोबेल मिळालं.

घनसमीकरणाला तीन उत्तरं असू शकतात. द्रव आणि वाफ एकत्र नांदतात तेव्हा सर्वांत लहान उत्तर द्रवाचं आकारमान, सर्वांत मोठं वाफेचं. मधलं सोडून द्यायचं. तशी अवस्था टिकतच नाही. पुढे 1949 साली रेडलिच आणि क्वाँग, 1972 साली सोआव्हे, 1976 साली पेंग आणि रॉबिन्सन यांनी हे समीकरण सुधारलं. आज तेल-वायूच्या कारखान्यांची आखणी करताना संगणक हीच समीकरणं सोडवतात.

मला गंमत वाटली ती वेगळीच. माधव ज्युलियनांनी मराठीत आणलेल्या रुबायांमुळे आपण उमर खय्यामला कवी म्हणून ओळखतो. पण अकराव्या शतकात घनसमीकरणं भूमितीनं, वक्ररेषांच्या छेदांतून सोडवणारा गणितीही तोच!

भाच्यानं एक सावधगिरी मात्र सांगितली. वाफ आणि दाब यांचा अंदाज ही समीकरणं चांगला देतात. द्रवाच्या आकारमानात मात्र चुकतात. म्हणून टाकी किती भरायची ते प्रत्यक्ष मोजलेल्या घनतेवरून ठरवतात. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये 33.3 लिटर पाणी मावतं, पण गॅस भरतात 14.2 किलोच, तो द्रव होतो साधारण 26 लिटर. उरलेली जागा म्हणजे मापात केलेली काटछाट नव्हे. द्रव फुगून भांडं काठोकाठ भरलं, तर पोलादही फाटतं.

तेव्हा सिलिंडर उन्हात ठेवू नका. ती मोकळी जागा आपल्या जिवासाठी सोडलेली आहे.