जॉर्ज ग्रीन : पवनचक्कीच्या छायेतील गणिती



भौतिकशास्त्रात ‘ग्रीनचे प्रमेय’ आणि ‘ग्रीन फलन’ या संज्ञा वारंवार येतात. ज्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात, ते जॉर्ज ग्रीन (१७९३–१८४१) इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील एका पाववाल्याचे पुत्र होते. त्यांचे शालेय शिक्षण जेमतेम वर्षभर झाले. त्यानंतर वडिलांचा व्यवसाय आणि स्नेंटन येथील पवनचक्कीवर चालणारी पिठाची गिरणी हेच त्यांचे जीवन झाले. १८२३ मध्ये ते नगरातील वर्गणीदार वाचनालयाचे सभासद झाले आणि विद्वत्‌जगताशी त्यांचा संबंध जुळला.

१८२८ मध्ये त्यांनी विद्युत आणि चुंबकत्व यांच्या गणिती विवेचनाचा निबंध वर्गणीदारांच्या आश्रयाने प्रसिद्ध केला. वर्गणीदार होते अवघे ५१. त्यांपैकी बहुतेकांना तो विषय समजणे अशक्यच होते.

या निबंधाचे महत्त्व कशात आहे? विद्युतभारित वस्तूच्या पृष्ठभागावर भार कसा पसरला आहे, हे बहुधा आधी ठाऊक नसते. ग्रीन यांनी ‘विभव’ ही संकल्पना केंद्रस्थानी ठेवली आणि एखाद्या प्रदेशाच्या अंतर्भागात जे घडते त्याचा त्याच्या सीमेवरील स्थितीशी असलेला संबंध सूत्रबद्ध केला. एका बिंदूपाशी असलेल्या कारणाचा परिणाम ज्याने व्यक्त होतो, ते ग्रीन फलन. संथ पाण्यात एक खडा टाकल्यावर उठणारे तरंग आपणांस कळले, तर अनेक खड्यांचा एकत्रित परिणाम बेरजेने काढता येतो. ही रीत तशीच आहे.

वर्गणीदारांपैकी सर एडवर्ड ब्रॉमहेड यांनी मात्र ग्रीन यांची योग्यता ओळखली. त्यांच्या प्रोत्साहनाने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, १८३३ मध्ये, ग्रीन यांनी केंब्रिज विद्यापीठात प्रवेश घेतला. १८३७ च्या गणित परीक्षेत ते चौथे आले. परंतु १८४१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा तो निबंध जवळजवळ अज्ञातच होता.

१८४५ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड केल्व्हिन, यांच्या हाती त्याच्या प्रती आल्या. त्यांच्याच प्रयत्नाने १८५० ते १८५४ या काळात तो एका जर्मन नियतकालिकात पुन्हा प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात ज्युलियन श्विंगर यांनी पुंजभौतिकीत ग्रीन फलनांचा मोठा उपयोग केला.

ग्रीन यांची कहाणी केवळ जिद्दीची मानणे अपुरे ठरेल. वाचनालय नसते, तर हा निबंध लिहिला जाणे कठीण होते. ब्रॉमहेड नसते, तर ग्रीन गिरणीतच राहिले असते. आणि थॉमसन नसते, तर त्यांचे विचार कदाचित विस्मृतीत गेले असते. ज्ञाननिर्मिती एकट्याच्या चिंतनातून होऊ शकते. परंतु ते ज्ञान टिकते ते समजून घेणाऱ्या वाचकामुळे. नोकरी व संसार सांभाळून अध्ययन करणाऱ्या आपणांस हे ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न : ग्रीन यांच्या कार्याच्या जतनात वाचनालय व जाणकार वाचक यांचे स्थान स्पष्ट करा.