टेस्ट कधी पास, कधी फेल? आधी सीसीकॅश बघा

संभाजीनगरच्या सी-सी++ मंडळींनो, विशेषतः विद्यापीठ परिसरातल्या नाइलिटमध्ये एम्बेडेड शिकणाऱ्यांनो, हे तुमच्यासाठी.

कोड तोच, कंपायलर तोच, तरी डीबगरची टेस्ट सकाळी पास आणि संध्याकाळी फेल. अशा वेळी माझा पहिला संशय सीसीकॅशवर. सांबावाल्या अँड्र्यू ट्रिजेलने 2002 मध्ये लिहिलेलं हे टूल. सोर्स, हेडर आणि ऑप्शन यांचा हॅश जुळला की पुन्हा कंपाइल न करता साठवलेली ऑब्जेक्ट फाइल देतं. रोजच्या बिल्डला झकास!

पण ‘-जी’ दिलं की ऑब्जेक्ट फाइलमध्ये कंपाइल झालेल्या फोल्डरचा पत्ताही जातो. प्रोग्रॅम चालायला तो लागत नाही, डीबगर मात्र सोर्स त्यावरूनच शोधतो. म्हणून सीसीकॅश अशा वेळी चालू फोल्डरही हॅशमध्ये धरतं. जास्त हिट मिळावेत म्हणून कुणी त्यासाठीची ‘हॅश_डिर’ ही सेटिंग बंद केली, की एका फोल्डरची फाइल दुसऱ्याच्या गळ्यात पडू शकते. मग निकाल कोडवर नाही, कॅशमध्ये आधी काय पडलंय त्यावर ठरतो.

जीडीबीत ‘इन्फो सोर्स’ टाइप करा. कंपायलेशन डिरेक्टरी भलतीच दिसली तर चोर सापडला. टेस्टपुरतं ‘सीसीकॅश_डिसेबल=1’ ठेवा. कॅश पुसून भागत नाही, ती परत भरतेच. (आणि वेळ वाचतो म्हणाल, तर टेस्टचे प्रोग्रॅम असतात केवढेसे?)

मुळात कंपायलर आतून समजून घ्यायचा असेल, तर आयआयटी मुंबईच्या उदय खेडकरांचं जीसीसीवरचं साहित्य जरूर शोधा.