एक संगणक, दोन कारभारी

छत्रपति संभाजीनगराहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचें शेंद्रा वसलें आहे. येथील औद्योगिक वसाहतींत इ. स. २००१ सालीं स्कोडा मोटारींचा कारखाना सुरू झाला. पुढें आणखी पुष्कळ कारखाने आले, आणि ज्या घरांत पूर्वीं घड्याळ व रेडिओ हींच काय तीं यंत्रें होतीं, त्या घरांत संगणकहि येऊन बसला. परंतु नवा संगणक घेणें सर्वांसच परवडतें असें नाहीं. अनेक घरीं कोणा कचेरींतून निघालेला जुना संगणकच अद्याप इमानानें काम करीत असतो. अशा संगणकाविषयीं व अशाच घरांविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें 'विंडोज १०' ची नित्याची देखभाल थांबविली. कांहीं जादा मुदतीची सोय तिनें ठेविली खरी, पण ती कायमची नव्हे. 'विंडोज ११' घालावें म्हटलें, तर त्यास टी.पी.एम. नांवाची सुरक्षेची सोय व बऱ्याच अलीकडचा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वींचे बहुतेक प्रोसेसर त्या यादींत बसत नाहींत. तेव्हां पुष्कळ पालकांपुढें प्रश्न उभा राहतो: चालतें यंत्र भंगारांत घालावयाचें काय? दुसरीकडे नववी-दहावींतील मुलगी म्हणते, "बाबा, आपण यावर लिनक्स घालूं या, मला तें शिकावयाचें आहे." आई घाबरते, कारण त्याच संगणकांत तिच्या बचत गटाचे हिशेब आहेत, नामकरणाचीं व लग्नाचीं छायाचित्रें आहेत. मुलीला शिकूं द्यावें, कीं घरचा ठेवा सांभाळावा? या दोन्ही गोष्टी साधण्याची एक साधी युक्ति आहे. ती म्हणजे एकाच संगणकांत दोन हार्ड डिस्क ठेवून प्रत्येकीवर निराळी ऑपरेटिंग सिस्टीम बसविणें.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाचा कारभारी, असें समजावें. पडदा, कळफलक, स्मृति, डिस्क या सर्वांकडून काम करवून घेणें हें त्याचें काम. संगणकाची कळ दाबतांच कारभारी लागलीच जागा होत नाहीं. प्रथम मदरबोर्डवरील एका लहानशा चिपेंत कोरून ठेवलेला कार्यक्रम जागा होतो. हा देवडीवरचा पहारेकरी होय. नव्या संगणकांत त्यास यू.ई.एफ.आय. म्हणतात. तो यंत्राची तपासणी करितो, कोणत्या डिस्का जोडल्या आहेत तें पाहतो, आणि डिस्कवरील एका राखीव विभागांत ठेवलेला 'बूट लोडर' नांवाचा छोटा कार्यक्रम शोधून त्याच्या हातीं सूत्रें देतो. बूट लोडर मग कारभाऱ्यास उठवितो. एका चाकरास एकाच वेळीं दोन धन्यांची सेवा करवत नाहीं, हें आमच्या विद्यार्थ्यांस पवित्र शास्त्रावरून ठाऊक आहेच. संगणकाचेंहि तसेंच आहे. दोन कारभारी घरांत असले तरी एका वेळीं गादीवर एकच बसतो. कोणी बसावयाचें हें आरंभींच ठरवावें लागतें.

आतां हा दुसरा कारभारी कोण? लिनसने, म्हणजे लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें, इ. स. १९९१ सालीं फिनलंड देशांतील हेलसिंकी येथें शिकत असतां लिनक्सचा गाभा लिहिण्यास आरंभ केला, व तो सर्वांस खुला केला. जगभरच्या शेंकडों लोकांनीं त्यांत भर घातली. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें 'परम ८०००' हा भारताचा महासंगणक सिद्ध केला. आज सी-डॅकच्या 'परम' मालिकेंतील महासंगणक लिनक्सवरच चालतात; किंबहुना नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील पहिल्या पांचशें महासंगणकांच्या यादींत लिनक्सवांचून दुसरें कांहीं उरलेलें नाहीं. सी-डॅकनें भारतीय भाषांसाठीं 'बॉस' नांवाचा लिनक्सचा एक प्रकारहि तयार केला आहे. सांगण्याचें तात्पर्य इतकेंच कीं, पुण्यास महासंगणकापाशीं बसणारा शास्त्रज्ञ आणि शेंद्र्यास जुन्या संगणकापाशीं बसणारी विद्यार्थिनी या दोघांनाहि एकच विद्या लागते; आणि ती शिकण्यास परवान्याचा एक पैसाहि पडत नाहीं.

कोणी विचारील, एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन सिस्टीमा ठेवतां येत नाहींत काय? येतात, परंतु तें एकाच खोलींत मध्यें भिंत घालून दोन कुटुंबें नांदविण्यासारखें आहे. भिंत घालण्यासाठीं जुन्या सामानाची हलवाहलव करावी लागते. ती चालू असतां मध्येंच वीज गेली, तर सामान विस्कटतें. पुढेंहि विंडोजच्या एखाद्या मोठ्या सुधारणेच्या वेळीं लिनक्सचा बूट लोडर बाजूस सारला जाण्याची भीति असते. डिस्कच बिघडली तर दोघेहि एकदमच बेघर होतात. याच्या उलट, दोन डिस्का म्हणजे दोन स्वतंत्र घरें होत. एकीचें कांहींहि झालें तरी दुसरी आपल्या पायावर उभी राहते.

आतां कृति सांगतों. लिनक्सचे अनेक प्रकार आहेत. नवशिक्यास 'लिनक्स मिंट' बरें. त्यास किमान २ गिगाबाइट स्मृति व २० गिगाबाइट जागा लागते. ४ गिगाबाइट स्मृति व १०० गिगाबाइट जागा असल्यास काम सुखानें चालतें. म्हणून २४० किंवा २५६ गिगाबाइटची एस.एस.डी. दुसरी डिस्क म्हणून पुरेशी होते.

पहिलें काम हें कीं, घरचीं सर्व कागदपत्रें व छायाचित्रें एखाद्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावींत, आणि तीं दुसऱ्या संगणकावर उघडतात कीं नाहीं तें पाहावें. न उघडणारी प्रत ही प्रतच नव्हे. त्यानंतर विंडोजमध्यें दोन गोष्टी पाहाव्या. डिस्कला 'बिटलॉकर'चें कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरून ठेवावी; कारण आरंभींच्या मांडणींत बदल होतांच विंडोज ती मागूं शकतें. दुसरें, 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. ती चालू असतां विंडोज बंद झाल्यासारखें दिसतें, पण तें अर्धवट झोंपलेलें असतें. अशा स्थितींत लिनक्समधून त्याच्या डिस्कवर कांहीं लिहिल्यास तेथील मजकूर बिघडण्याचा संभव असतो.

मग लिनक्स मिंटच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून त्याची फाइल उतरवून घ्यावी, व ती ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर योग्य साधनानें चढवावी. नुसती नक्कल करून भागत नाहीं. आणि पेनड्राइव्हवरील पूर्वींचें सर्व पुसलें जातें, हें ध्यानांत ठेवावें. या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला म्हणजे कांहींहि न बसवितां लिनक्स चालवून पाहतां येतें. आवाज, वाय-फाय, छपाईचें यंत्र हीं नीट चालतात कीं नाहीं याची परीक्षा येथेंच करावी.

परीक्षा उतरली म्हणजे संगणक बंद करून विजेची तार भिंतींतून काढावी. पेटी उघडून प्रथम तिच्या धातूच्या भागास हात लावावा, म्हणजे अंगांतील स्थितिविद्युत् निघून जाते. नवी डिस्क बसवून तिला दोन तारा जोडाव्या: एक मदरबोर्डकडे जाणारी साटा केबल व दुसरी विजेची. आणि आतां या लेखांतील सर्वांत महत्त्वाची सूचना: *जुन्या डिस्कच्या तारा काढून ठेवाव्या.* जुनी डिस्क मदरबोर्डवरच बसणारी एम-२ जातीची असेल, तर तिचा एकच स्क्रू असतो. तो काढून ती कागदांत गुंडाळून बाजूस ठेवावी. यांत केवळ भित्रेपणा नाहीं. कांहीं लिनक्स बसविणाऱ्या कार्यक्रमांस अशी खोड आहे कीं, आपण दुसरी डिस्क निवडली तरी ते बूट लोडर पहिल्या डिस्कवरील राखीव विभागांतच नेऊन ठेवितात. मग एक डिस्क काढली कीं दुसरीहि मुकी होते. जुनी डिस्क जोडलेलीच नसेल, तर ही घालमेल होणें शक्यच नाहीं; आणि चुकून भलतीच डिस्क पुसली जाण्याचें भयहि राहत नाहीं.

लिनक्स बसून संगणक त्यावर एकदां नीट सुरू झाला, म्हणजे पुन्हां बंद करून जुनी डिस्क जोडावी. यू.ई.एफ.आय.मध्यें जाऊन नित्य कोणती डिस्क प्रथम यावी तें ठरवावें. दुसरी हवी असेल त्या वेळीं संगणक सुरू होतांच निवडीची कळ दाबावी. डेलच्या संगणकावर ती बहुधा एफ-१२, तर एच.पी.च्या संगणकावर एफ-९ असते.

एका गंमतीनें मात्र नवशिके चक्रावतात. लिनक्स वापरून विंडोज उघडावें, तों घड्याळ साडेपांच तास मागें पडलेलें! यंत्रांत दोष नाहीं. मदरबोर्डवरील घड्याळ विंडोज स्थानिक वेळेप्रमाणें लावतें, व लिनक्स जागतिक प्रमाणवेळेप्रमाणें. आणि आपली वेळ त्या वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. लिनक्सला एकदां एकाच आज्ञेनें स्थानिक वेळ मानण्यास सांगितलें म्हणजे तंटा मिटतो. भूगोलाच्या तासास रेखांश शिकतांना कंटाळणाऱ्यांनीं याचा विचार करावा.

पालकांस दोन गोष्टी स्पष्ट सांगणें अवश्य आहे. पहिली ही कीं, दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत. चोर पेटी नेईल तर दोन्ही नेईल, आणि वीज कडाडून पडली तर दोन्ही जळूं शकतील. म्हणून घराबाहेर किंवा निदान पेटीबाहेर एक प्रत ठेवावीच. दुसरी ही कीं, देखभाल बंद झालेलें विंडोज घेऊन इंटरनेटवर हिंडूं नये. बँकेचे व्यवहार, पत्रव्यवहार व मुलांचा अभ्यास लिनक्सवर करावा. जो हिशेबाचा कार्यक्रम केवळ विंडोजवरच चालतो, त्यापुरतीच जुनी डिस्क, तीहि इंटरनेट तोडून, वापरावी.

विद्यार्थीमित्रांनो, लिनक्सवर हात बसवितांना तुम्ही पुष्कळ गोष्टी बिघडवाल, आणि त्या बिघडविल्यावांचून शिकणेंहि नाहीं. पण आपल्या शिकण्याची किंमत आईच्या हिशेबानें व आजीच्या एकुलत्या एका छायाचित्रानें भरणें न्याय्य नव्हे. स्वतःची डिस्क स्वतंत्र असली म्हणजे ती दहा वेळां पुसून दहा वेळां नव्यानें उभारतां येते, आणि घरच्यांची झोंप मोडत नाहीं. नवें घर बांधावयाचें तर जुनें पाडूनच बांधलें पाहिजे, असा कांहीं नियम नाहीं. येत्या सुटींत वडिलांस जवळ बसवून, त्यांच्याच हातीं स्क्रू-ड्रायव्हर देऊन, हें काम करावें. म्हणजे शिकणाराहि एक राहणार नाहीं, दोन होतील.