मिक्सटेप : चाचेगिरी की जाहिरात?

लोकप्रिय गाण्यांचे संगीत घेऊन त्यावर रॅपरच्या नव्या ओळी चढवायच्या आणि डीजेने ते सारे सलग गुंफायचे, ही हिप-हॉपमधील मिक्सटेपची रीत. त्यासाठी परवानगी बहुधा घेतली जात नसे. तरीही नवे रॅपर यातूनच नावारूपाला येत असल्याने कंपन्या स्वतःच डीजेंना गाणी पुरवीत. कायद्याच्या दृष्टीने मात्र ही चाचेगिरीच होती. १६ जानेवारी २००७ रोजी अटलांटात पोलिसांनी डीजे ड्रामा आणि डॉन कॅनन यांना अटक करून ८० हजारांहून अधिक सीडी जप्त केल्या. पुढे मिक्सटेप इंटरनेटवर विनामूल्य मिळू लागल्या. २०२२ मध्ये टायलर, द क्रिएटर याच्या अल्बमला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्यातील निवेदन डीजे ड्रामाचेच होते!