गुन्ह्यातील उत्पन्नाची वसुली आणि जिल्हा प्रशासनाचे अधिकार : बीड जिल्ह्याच्या संदर्भात

आर्थिक गुन्ह्यात आरोपीस शिक्षा होणे हा न्यायाचा एक भाग होय; फसवणूक झालेल्यास त्याची रक्कम परत मिळणे हा दुसरा. बीड येथील ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेच्या प्रकरणाने हा दुसरा भाग ऐरणीवर आणला. ठेवी परत न मिळाल्याने २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले आणि त्याच वर्षी सक्तवसुली संचालनालयाने एक हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या मालमत्तेवर टाच आणली. तथापि, टाच म्हणजे परतफेड नव्हे.

या संदर्भात तीन कायदे महत्त्वाचे ठरतात. महाराष्ट्र ठेवीदारांच्या हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९ अन्वये शासन मालमत्ता जप्त करते, सक्षम प्राधिकारी तिचा ताबा घेतो आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने ठेवीदारांत वाटप होते. काळा पैसा प्रतिबंधक अधिनियम, २००२ केंद्रीय यंत्रणेच्या हाती आहे. २०१८ च्या दुरुस्तीने खटला चालू असतानाही हक्कदारांना मालमत्ता परत देण्याची तरतूद झाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ नुसार १ जुलै २०२४ पासून तपासी पोलीस अधिकारी पोलीस अधीक्षकांच्या मान्यतेने न्यायालयाकडे जप्तीसाठी अर्ज करू शकतो. न्यायालयाच्या आदेशानंतर जिल्हादंडाधिकाऱ्याने साठ दिवसांत बाधितांना प्रमाणशीर वाटप करावयाचे असते.

म्हणजेच वसुलीचा अधिकार आता जिल्ह्यापर्यंत पोहोचला आहे. परंतु वाटप करणाऱ्या जिल्हादंडाधिकाऱ्यास या कलमाने पैशाचा माग काढण्याचा अधिकार दिलेला नाही. तपास पोलिसांकडेच राहतो. शिवाय एकाच मालमत्तेवर दोन कायद्यांखाली टाच आल्यास वाटप लांबते.

ब्रिटनने २००२ च्या कायद्याने प्रशिक्षित व मान्यताप्राप्त आर्थिक तपासनीसांची व्यवस्था निर्माण केली आणि २००९ मध्ये ती स्थानिक प्राधिकरणांसह अन्य सार्वजनिक संस्थांपर्यंत विस्तारली. तेथे वसुलीचा काही हिस्सा यंत्रणांनाच मिळतो. त्यामुळे न्यायापेक्षा महसुलाकडे लक्ष वळण्याचा धोका संभवतो. आपल्याकडे अधिकार वाढविताना हा मोह टाळणे आवश्यक आहे.

सारांश, केवळ अधिकारांचा विस्तार पुरेसा नाही. लेखापरीक्षण जाणणारे प्रशिक्षित मनुष्यबळ, न्यायालयीन नियंत्रण आणि यंत्रणांमधील समन्वय यांची जोड मिळाली, तरच दुष्काळी बीड जिल्ह्यातील शेतकरी, निवृत्त कर्मचारी व छोटे व्यापारी यांची आयुष्यभराची पुंजी जप्तीच्या कागदांतून बाहेर पडून त्यांच्या हाती येईल.