‘इश’ या प्रत्ययाची तीन कामे

इंग्रजी विशेषणांच्या शेवटी येणारा ‘इश’ हा प्रत्यय दिसण्यास लहान. परंतु त्याची कामे तीन आहेत. देश वा लोक यांच्या नावास लागला, तर तो केवळ संबंध दाखवितो: ‘टर्किश’ म्हणजे तुर्की. रंगास लागला, तर छटा सांगतो: ‘रेडिश’ म्हणजे लालसर. माणसाच्या नावास लागला, की बहुधा दोष देतो: ‘चाइल्डिश’ म्हणजे पोरकट.

मराठीने ही कामे निरनिराळ्या प्रत्ययांना वाटून दिली आहेत. बिदरच्या जांभ्या दगडास आपण लालसर म्हणतो, त्यात निंदा नसते. ‘पोरकट’मधील ‘कट’ मात्र मळकट, तेलकट या शब्दांतही नापसंतीच सुचवितो. शेजारची कन्नड तर छटा शब्दाच्या आरंभीच सांगते: लाल तो ‘केंपु’, लालसर तो ‘नसुगेंपु’.

भालकी, औराद, आळंदकडील आपला विद्यार्थी या तिन्ही भाषांत वावरतो. त्याने आजीच्या निर्मळ हास्याचा गौरव करण्याकरिता ‘चाइल्डिश’ लिहिले, तर व्याकरण चुकत नाही; आजीचा मात्र अवमान होतो. तेथे ‘चाइल्डलाइक’ हवे. म्हणून पालकांनी नुसते स्पेलिंग पाठ करवून न घेता, ‘याला आपण घरी काय म्हणतो?’ असे मुलास विचारावे. पोरकट की निरागस, हा निवाडा ते मराठीत सहज करील. इंग्रजीसाठी घरातील मराठी मागे सारणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे, की हा निवाडा करण्याचे साधनच ते मुलाच्या हातून काढून घेत आहेत.