तातडीच्या वेळी दवाखान्याने परत पाठवले तर

रात्री दोनला पाड्यावरून आजारी माणूस झोळीत घालून आणायचा, डांबरी रस्त्यावर जीप मिळेपर्यंत ताटकळायचे आणि दवाखान्याच्या दारात ऐकायचे, "इथे सोय नाही, पुढे न्या." आपल्या कार्यकर्त्यांना हे वाक्य नवे नाही. पुढे माणूस दगावला की घरचे नशिबाला बोल लावतात. क्वचित कुठे दवाखान्याच्या काचा फुटतात. मग काचा फोडणाऱ्यांवर गुन्हा दाखल होतो, आणि मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही : पुढे पाठवण्याआधी इथे जे करता येण्यासारखे होते, ते केले का?

हा प्रश्न विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे एका स्कूटरस्वाराची हकीकत आली होती. त्याला गाडीने उडवले, लोकांनी जवळच्या दवाखान्यात नेले, तर "पोलीस केस आहे, इथे घेत नाही" म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात पाठवले. तो वाटेतच गेला. न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की, दवाखाना सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरचे पहिले काम जीव वाचवणे हे आहे. पोलिसांचे कागद नंतर.

दुसरा निकाल आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण त्यातला जखमी शेतमजूर होता. पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेचा हा सभासद जुलै १९९२ मध्ये संध्याकाळी रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागून आत रक्तस्राव झाला. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोय नव्हती, म्हणून कलकत्त्याला नेले. तिथे रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवाफिरव झाली. कुठे खाट रिकामी नव्हती, कुठे त्या उपचाराची सोय नव्हती. शेवटी सकाळी एका खाजगी रुग्णालयात दाखल केले. माणूस वाचला, पण सुमारे सतरा हजार रुपये खर्च झाले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला पंचवीस हजार रुपये भरपाई द्यायला लावली. तातडीचा उपचार वेळेवर न देणे म्हणजे घटनेच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग, आणि त्यासाठी पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. कुठल्या रुग्णालयात खाट रिकामी आहे ते आधीच कळेल अशी यंत्रणा उभारा, असेही त्याच निकालात सुचवले आहे. त्याला आता किती वर्षे झाली ते वाचकांनीच मोजावे.

मात्र एक गोष्ट कार्यकर्त्यांनी गावात नीट समजावून सांगायला हवी. रुग्ण दगावला म्हणजे हलगर्जीपणा झालाच, असे नाही. तेवढ्याच शिक्षणाचा आणि अनुभवाचा दुसरा डॉक्टर त्या परिस्थितीत जेवढी काळजी घेईल, तेवढी घेतली का, एवढेच न्यायालय पाहते. दुर्गम केंद्रावर एकट्या डॉक्टरकडून मुंबईच्या रुग्णालयासारख्या शस्त्रक्रियेची अपेक्षा कोणी करत नाही. पण सर्पदंशाचे उदाहरण घ्या. मण्यार चावली की खूण धड दिसत नाही, आधी पोट दुखते, मग पापण्या जड होतात, बोलणे अडखळते. अशी लक्षणे दिसत असताना आणि प्रतिविष कपाटात असताना ते न देता रुग्णाला तीन तासांच्या वाटेवर लावून देणे, याला नाइलाज म्हणता येणार नाही. पुढे पाठवणे गैर नाही. हाताशी असलेला प्राथमिक उपचार न करता, चिठ्ठी न देता, गाडीची व्यवस्था न बघता पाठवणे गैर आहे.

महाराष्ट्रातला एक जुना खटला यासाठी वाचण्यासारखा आहे. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या मुलाची मांडी मोडली. तिथल्या डॉक्टरांनी फळ्या बांधून दिल्या आणि मोटारीने त्याला पुण्याला नेले. पुण्याच्या डॉक्टरांनी पुरेशी भूल न देता, माणसे धरून, जोर लावून हाड बसवले आणि प्लॅस्टर घातले. त्या धक्क्याने मुलगा त्याच रात्री गेला. वडील स्वतः डॉक्टर होते, म्हणून काय झाले ते त्यांना कळले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ मध्ये लागला. भरपाई तीन हजार रुपये. रुग्ण हाती घ्यावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरवर काळजीची जबाबदारी आहे, हे सूत्र या निकालापासून आजतागायत वापरले जाते. पण पंधरा वर्षे लढायला बापही तसाच लागतो.

आपल्याकडच्या तक्रारी बहुतेक वेळा कागदावाचून मरतात. म्हणून घाईतही केसपेपर आणि पुढे पाठवल्याची चिठ्ठी सोडू नका. किती वाजता पोहोचलो, कोणी तपासले, कोणते इंजेक्शन दिले, किती वाजता निघालो, हे कार्यकर्त्याने वहीत लिहून ठेवावे. १०८ ला फोन केला असेल तर ती वेळही. "आमच्या मर्जीने, आमच्या जबाबदारीवर नेत आहोत" असा कागद पुढे आला तर तो वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नये. डॉक्टरांनीच जा म्हटले असेल, तर तसेच लिहायला सांगावे. उपचाराची कागदपत्रे मागितल्यावर ७२ तासांत देणे डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार बंधनकारक आहे. मागणी लेखी करावी आणि पोच घ्यावी. शवविच्छेदनाला घरचे नको म्हणतात. त्यांचे दुःख समजते, पण त्याशिवाय मरणाचे कारण पुढे सिद्ध करणे फार अवघड होते.

जायचे कुठे, हे दवाखाना कोणता त्यावर ठरते. पैसे घेणारा खाजगी दवाखाना असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार, जिथे काही रुग्ण पैसे देतात आणि काहींना मोफत उपचार मिळतो, तिथला मोफत रुग्णही ग्राहकच ठरतो. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे सरकारी रुग्णालय मात्र या कायद्यात येत नाही. केसपेपरची नाममात्र फी घेतली म्हणून त्यात फरक पडत नाही. अशा वेळी जिल्हा शल्यचिकित्सक, राज्य मानवी हक्क आयोग किंवा उच्च न्यायालय हे मार्ग आहेत. डॉक्टरच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. फौजदारी गुन्ह्यासाठी मात्र फार मोठा, उघड हलगर्जीपणा लागतो. २००५ च्या निकालाने तिथे दुसऱ्या डॉक्टरांचे मत आधी घ्यायला लावले आहे, त्यामुळे पोलीस ठाण्यापासूनच सुरुवात करण्यात बहुधा वेळ जातो.

"वकिलाला पैसे कुठून आणू?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच स्त्रिया आणि मुलांना, उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. तालुक्याच्या न्यायालयातही समिती असते. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो. जातीचा दाखला, केसपेपर आणि वहीतली नोंद सोबत न्यावी. ग्राहक आयोगात तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती आता रुग्णाच्या स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, दवाखाना नाशिकचा असो की मुंबईचा.